युद्ध चालू असताना नळाला पाणी येतं ते कसं?

युद्धाच्या बातम्या लागल्या की आपल्याला दिसतात त्या पडलेल्या इमारती, धूर, रणगाडे आणि नकाशावरचे बाण. मला मात्र आता दरवेळी एकच प्रश्न पडतो, की त्या शहरात आज नळाला पाणी आलं का. कारण वाचत गेलं की लक्षात येतं, युद्धात माणसं फक्त बॉम्बने मरत नाहीत. युनिसेफने २०१९ साली १६ युद्धग्रस्त देशांचा अभ्यास केला होता, त्यात असं दिसलं की लांबत गेलेल्या युद्धांमध्ये १५ वर्षांखालची मुलं गोळ्या-बॉम्बपेक्षा घाणेरड्या पाण्यातून होणाऱ्या जुलाबाने मरण्याची शक्यता जवळपास तिप्पट असते, आणि ५ वर्षांखालच्या मुलांचं तर हे प्रमाण २० पटीच्याही वर जातं. २० पट! हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा परत परत वाचला, वाटलं छापण्यात चूक झाली असेल. तर हे पाणी बंद कसं पडतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे एवढ्या मारामारीत ते चालू कोण ठेवतं आणि कसं, हे जरा निवांत सांगतो.

आधी पाण्याचा प्रवास डोळ्यासमोर आणा. नदीतून किंवा धरणातून पाणी उचलायचं, म्हणजे मोठाले पंप आले. मग शुद्धीकरण केंद्रात त्यात तुरटी टाकायची म्हणजे गाळ खाली बसतो, मग वाळूच्या थरातून गाळायचं, मग क्लोरीन द्यायचा, मग परत पंपाने उंच टाकीत चढवायचं, तिथून पाइपलाइनने घराघरात. वापरून झालं की ते सांडपाणी होतं, आणि शहर सपाट असेल तर तेही आपोआप वाहत नाही, ते उचलायलाही पंपच लागतात. आता यातली वीज काढून घ्या. बहुतेक ठिकाणी सगळंच थांबतं. नळ कोरडा पडतो, तो एक दिवस, आणि दोन-तीन दिवसांनी मैला रस्त्यावर यायला लागतो. म्हणजे बॉम्ब पडला वीज केंद्रावर आणि आजार झाला दहा किलोमीटर लांबच्या गल्लीतल्या मुलाला, दोन्हींचा संबंध बातमीत कुठेच येत नाही.

आणि हे उलटंही चालतं बरं का. कोळशाचं किंवा अणुऊर्जेचं वीज केंद्र घ्या, त्याला वाफ करायला आणि मशिनरी थंड ठेवायला पाणी लागतंच. हॉस्पिटलला दोन्ही लागतं, एका डायलिसिसच्या बैठकीला साधारण १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी जातं, तेही वीज अखंड असेल तर. त्यामुळे पाणीखातं वेगळं, वीजखातं वेगळं असं जे आपण कागदावर धरतो ते युद्धात टिकत नाही. ती एकच साखळी आहे आणि कडी कुठलीही तुटली तरी परिणाम शेवटी नळावरच.

अजून एक गोष्ट जी मला हा विषय वाचेपर्यंत माहीत नव्हती. जमिनीखालची पाइपलाइन कुठल्याही शहरात शंभर टक्के घट्ट नसते, गळती असतेच. आत प्रेशर असतं तोवर त्या भोकांतून पाणी बाहेर जातं, नुकसान होतं पण आजार होत नाही. प्रेशर गेलं की हेच उलटं होतं, शेजारून जाणाऱ्या ड्रेनेजचं पाणी त्याच भोकांतून आत शिरतं. म्हणजे पाइपला काहीही लागलेलं नाही, फक्त वीज दिवसातून चार तास येते म्हणून पंप चार तास चालतो, एवढ्यानेच पाणी दूषित होऊ शकतं. शुद्धीकरण केंद्रातून निघालेलं पाणी एकदम चांगलं आणि घरात पोचलेलं मात्र कॉलराचं, असं खरंच होतं. म्हणून या कामातली माणसं "पाणी आलं का" एवढंच विचारत नाहीत, "सलग येतंय का" आणि "शेवटच्या नळाला क्लोरीन लागतोय का" हेही विचारतात.

आता बिघाड नेमका कसा होतो. आपल्याला वाटतं क्षेपणास्त्र आलं, केंद्र उडालं, संपलं. तसंही होतं, पण खूपदा मरण इतकं सरळ नसतं. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीने २०१५ मध्ये शहरातल्या सेवांवर एक मोठा अहवाल काढला होता, त्यात त्यांनी फार सोपं करून सांगितलंय, की कुठलीही सेवा तीन गोष्टींवर उभी असते: माणसं, यंत्रसामग्री आणि रोज खर्च होणारा माल. माणसं म्हणजे ऑपरेटर, फिटर, लाइनमन, लॅबवाला, इंजिनिअर. यंत्रसामग्री म्हणजे पंप, ट्रान्सफॉर्मर, पाइप. आणि माल म्हणजे डिझेल, क्लोरीन, तुरटी, ऑइल, सुटे भाग. तिघांपैकी एक जरी गेलं तरी सेवा थांबते. हे लक्षात घेतलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात, कारण इमारत धड उभी आहे, पंप चकाचक आहेत, पण ऑपरेटर घर सोडून पळालाय किंवा बंदरातून क्लोरीन सुटत नाहीये, तर ते केंद्र उडवल्यासारखंच झालं ना.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे साचत जाणारं नुकसान. युद्ध पाच वर्षं, दहा वर्षं चाललं की रोजची देखभाल होत नाही. पंपाचं बेअरिंग वाजायला लागतं, मिळत नाही म्हणून तसंच चालवतात, मग शाफ्ट जातो, मग मोटर जळते. लोकांकडे पैसे नाहीत म्हणून बिलं भरली जात नाहीत, म्हणून पगार होत नाहीत, म्हणून हुशार माणसं देश सोडतात, आणि त्यांच्याबरोबर कुठला व्हॉल्व्ह कुठे गाडलेला आहे हे ज्ञानही जातं, कारण अर्ध्या शहरांमध्ये पाइपचा खरा नकाशा कपाटात नसतो, एखाद्या जुन्या फोरमनच्या डोक्यात असतो. अशी यंत्रणा शेवटी एक दिवस कुठल्याही बॉम्बशिवाय बसते, आणि तेव्हा दोष कुणाला द्यायचा हेही कळत नाही.

माणसांचं सांगायचं तर पूर्व युक्रेनमधल्या दोनेत्स्क फिल्टर स्टेशनची गोष्ट सांगायलाच हवी. आवदीइव्का आणि यासिनुवाता या दोन गावांच्या मधोमध हे केंद्र, आणि २०१४ नंतर दोन्ही फौजांची आघाडी नेमकी तिथेच येऊन थांबली, एकीकडे युक्रेनचं सैन्य, दुसरीकडे रशियाचा पाठिंबा असलेले फुटीर गट, आणि मध्ये हे पाणी गाळणारं केंद्र, ज्याचं पाणी दोन्ही बाजूंच्या मिळून साडेतीन लाखांच्या आसपास लोकांना जायचं. कामगार रोज बसने ती रेषा ओलांडून कामावर जायचे. गोळीबार सुरू झाला की तळघरात बसायचे, थांबला की परत फिल्टरवर. एप्रिल २०१८ मध्ये कामगारांच्या त्या बसवरच गोळीबार झाला आणि पाच जण जखमी झाले. शिवाय केंद्रात क्लोरीन वायूचा साठा, त्याला गोळा लागला असता तर आजूबाजूच्या वस्तीत काय झालं असतं याचा विचारच नको. दुरुस्तीसाठी दोन्ही बाजूंशी बोलून काही तासांपुरती शस्त्रसंधी ठरवायची, युरोपातल्या ओएससीई या संघटनेचे निरीक्षक हजर राहायचे, तेवढ्या वेळात पाइप जोडायचा आणि परत फिरायचं. वर्षानुवर्षं हे चाललं. पाणी शत्रूलाही जातंय हे सगळ्यांना माहीत होतं आणि तरी ते सोडलं जात होतं. मला यात फार मोठी गोष्ट दिसते.

असाच एकमेकांवर अवलंबून असण्याचा प्रकार ईशान्य सीरियात झाला, पण तिथे शेवट तितका चांगला नाही. रास अल-ऐन गावाजवळ अलूक नावाचं पाण्याचं स्टेशन आहे, बोअरच्या विहिरी आणि पंप. हसाका शहर आणि आसपासच्या सुमारे ४ लाख ६० हजार लोकांचं मुख्य पाणी तिथून यायचं. ऑक्टोबर २०१९ मध्ये हा भाग तुर्कस्तान आणि त्याच्या बाजूच्या गटांकडे गेला, पण स्टेशनला लागणारी वीज येत होती कुर्दांच्या ताब्यातल्या भागातून. म्हणजे पाणी यांच्या हातात, वीज त्यांच्या हातात. व्यवहार सरळ होता, तुम्ही वीज द्या आम्ही पाणी देतो. पण एकाने म्हणायचं वीज कमी सोडली, दुसऱ्याने पंप बंद करायचे, मग तिकडून वीज बंद, आणि हसाका शहर उन्हाळ्यात दिवसेंदिवस टँकरवर. स्टेशन अशा भांडणांत कितीतरी वेळा बंद पडलं. पंप बंद करायला बॉम्ब लागत नाही, एक स्विच पुरतो. म्हणून मध्यस्थी करणारे लोक, म्हणजे रेड क्रॉस, रेड क्रेसेंट, युनिसेफ यांचे इंजिनिअर, हे अर्धे इंजिनिअर आणि अर्धे वाटाघाटी करणारे असतात. हातात पाना आणि खिशात दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांचे फोन नंबर.

कायदा काय म्हणतो हे थोडक्यात. १९४९ च्या जिनिव्हा करारांना १९७७ साली जोड करार झाले. त्यातल्या पहिल्या जोड कराराचं कलम ५४ सांगतं की सामान्य लोकांना जगायला लागणाऱ्या गोष्टी, अन्न, शेतं, गुरं, पिण्याच्या पाण्याची केंद्रं, कालवे, यांच्यावर लोकांना त्यांच्यापासून तोडण्याच्या हेतूने हल्ला करायचा नाही, त्या निकामी करायच्या नाहीत. कलम ५६ धरणं, बंधारे आणि अणुवीज केंद्रांना जास्तीचं संरक्षण देतं. एप्रिल २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव २५७३ एकमताने केला, तो याच विषयावर. मग प्रश्न येतो की एवढं असून हल्ले होतात कसे. यात खरी अडचण विजेची आहे. पाण्याचं केंद्र सैन्याच्या फारसं कामाचं नाही, पण वीज मात्र हॉस्पिटललाही जाते आणि लष्करी तळालाही, कारखान्यालाही जाते आणि रडारलाही, त्यामुळे हल्ला करणारा म्हणतो हे लष्करी लक्ष्य आहे. कायद्याचं म्हणणं असं की तसं असलं तरी सामान्य लोकांचं होणारं नुकसान लष्करी फायद्याच्या मानाने बेसुमार नसलं पाहिजे. माझं मत सरळ आहे, हे नुकसान मोजताना फक्त त्या दिवशी तिथे मेलेली माणसं मोजून चालत नाही, वीज गेल्यामुळे बंद पडलेलं पाणी आणि त्यातून पुढच्या महिन्यांत होणारे आजार हेही धरलेच पाहिजेत, कारण ते आधीच दिसत असतात. कायदा कागदावरच राहतो असंही नाही, मार्च २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने युक्रेनच्या वीज यंत्रणेवरच्या हल्ल्यांसाठी दोन रशियन कमांडरांवर अटक वॉरंट काढलं, आणि जूनमध्ये आणखी दोघांवर, त्यात माजी संरक्षणमंत्री सर्गेई शोइगू पण आहेत.

युक्रेनच्या विजेची गोष्ट जरा सविस्तर सांगतो कारण ग्रिड म्हणजे काय हे त्यातून चांगलं कळतं. ग्रिडवरची सगळी जनरेटर एका तालात फिरत असतात, सेकंदाला ५० आवर्तनं. जेवढी वीज वापरली जातेय तेवढीच त्या क्षणी तयार व्हायला हवी, कमी पडली की ताल मंदावतो, फार मंदावला की यंत्रं स्वतःला वाचवायला आपोआप सुटतात, एक सुटलं की बाकीच्यांवर ताण, मग दुसरं सुटतं, आणि बघता बघता अख्खा देश अंधारात. युक्रेनचं ग्रिड सोव्हिएत काळापासून रशिया-बेलारूसशी जोडलेलं होतं. २४ फेब्रुवारी २०२२ ला, हल्ला झाला त्याच दिवशी पहाटे, एका ठरलेल्या चाचणीसाठी युक्रेनने ते कनेक्शन सोडलं होतं, दोन-तीन दिवस एकटं चालवून बघायचं असा बेत. ते परत जोडलंच नाही. तीन आठवडे तो देश युद्धात एकटा आपला ताल सांभाळत राहिला आणि १६ मार्चला युरोपच्या ग्रिडशी जोडला गेला, ज्या कामाला अजून वर्षभर तरी लागेल असं धरलेलं होतं. तेव्हापासून कमी पडली तर पश्चिमेकडून वीज ओढता येते.

मग १० ऑक्टोबर २०२२ पासून वीज यंत्रणेवर मोठे हल्ले सुरू झाले. नेम कशावर होता तर खूपदा सबस्टेशनमधल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरवर. हे यंत्र म्हणजे दुकानातून आणायची वस्तू नाही. दोन-दोनशे टन वजन, ऑर्डर दिल्यावर बनवतात, हातात यायला वर्ष किंवा जास्त, आणि वाहून आणायला खास रेल्वे वॅगन किंवा ट्रेलर. म्हणजे एक वार आणि दुरुस्तीला वर्ष. यावर उपाय काय केले? ट्रान्सफॉर्मरभोवती दगड-वाळू भरलेल्या जाळीच्या पेट्या रचल्या, त्यावर काँक्रीटची कवचं बांधली, त्याने थेट क्षेपणास्त्र थांबत नाही पण ड्रोन आणि उडणारे तुकडे अडतात. सुटे भाग वेगवेगळ्या ठिकाणी लपवून ठेवले. वीज कमी पडली की भागाभागाचं वेळापत्रक करून लोडशेडिंग, हॉस्पिटल आणि पाण्याचे पंप शेवटी बंद करायचे, किंवा करायचेच नाहीत. आणि हळूहळू मोठ्या एका केंद्राऐवजी छोटी छोटी गॅस इंजिनं, सोलर, बॅटऱ्या शहरभर पसरवायच्या, कारण शंभर छोट्या लक्ष्यांवर मारा करणं कुणालाही महागात पडतं. हे बोलायला सोपं आहे. प्रत्यक्षात दुरुस्तीला गेलेल्या लाइनमनवर त्याच जागी दुसरा हल्ला झाल्याचे प्रकार घडले, आणि या युद्धात युक्रेनचे शंभराहून जास्त वीज कर्मचारी मारले गेलेत. ही माणसं हातात बंदूक नसलेली, अंगावर बुलेटप्रूफ जॅकेट घालून खांबावर चढलेली.

थंडीत एक वेगळीच गंमत नसलेली गोष्ट होते, म्हणजे अडचणच. पाणी पाइपमध्ये उभं राहिलं आणि पारा शून्याखाली गेला की पाणी गोठून फुगतं आणि पाइप फाटतो. त्यामुळे वीज जास्त वेळ जाणार असं दिसलं की इमारतींच्या हीटिंगच्या पाइपमधलं पाणी काढून टाकायचा निर्णय वेळेत घ्यावा लागतो. उशीर झाला की वीज परत येऊनही उपयोग नाही, कारण अख्ख्या इमारतीची नळव्यवस्था फाटलेली असते.

दक्षिणेतलं मिकोलाइव्ह शहर, तिथे तर वेगळाच धडा आहे. एप्रिल २०२२ मध्ये द्नीप्रो नदीचं पाणी आणणारी मुख्य पाइपलाइन लढाईत फुटली. जिथे फुटली तिथे दुरुस्ती पथकाला जाताच येईना. जवळपास महिनाभर शहर कोरडं. शेवटी अधिकाऱ्यांनी दुसऱ्या नदीच्या मुखाजवळचं खारं पाणी नळाला सोडलं, कारण संडास चालायला हवेत, आग लागली तर विझवायला पाणी हवं. पिता येत नव्हतं, पण शहर राहण्यालायक तरी राहिलं. किंमत अशी की त्या खाऱ्या पाण्याने लोखंडी पाइप आतून खाल्ले आणि गळत्या वाढत गेल्या. युद्धातले बरेच निर्णय असेच असतात, आज माणसं जगवायला उद्याची पाइपलाइन खर्ची घालायची. मला तो निर्णय बरोबर वाटतो, पण घेणाऱ्याला रात्री झोप लागली नसणार.

आणि काखोव्का. ६ जून २०२३ ला काखोव्का धरण फुटलं तेव्हा सगळ्यांचं लक्ष खाली आलेल्या पुराकडे होतं, ते साहजिकच आहे. पण वरच्या बाजूला सुमारे १८ अब्ज घनमीटर क्षमतेचा तो जलाशय रिकामा होत होता, ज्यातून शहरांचं पिण्याचं पाणी, शेतीचे कालवे आणि झापोरिझिया अणुवीज केंद्राचं थंड करायचं पाणी येत होतं. युरोपातलं सगळ्यात मोठं अणुवीज केंद्र, ६ अणुभट्ट्या, मार्च २०२२ पासून रशियाच्या ताब्यात. अणुभट्टी बंद केली तरी तिच्यातलं इंधन उष्णता सोडतच राहतं, त्यामुळे पाणी आणि पंपाला वीज, दोन्ही कायम लागतात. तिथे मग ११ विहिरी खोदून गरजेपुरत्या पाण्याची सोय केली गेली, अणुभट्ट्या बंद स्थितीत असल्यामुळे तेवढं पुरलं. बाहेरून येणारी वीज तर अनेकदा पूर्ण तुटली, आणि प्रत्येक वेळी डिझेल जनरेटरवर भिस्त.

डिझेल! या सगळ्या विषयात डिझेल जितक्या वेळा येतं तितकं दुसरं काही येत नाही. वीज गेली की जनरेटर लावा, हा पहिला उपाय. पण त्यातही खाचा आहेत. बरेच जनरेटर आणीबाणीपुरते, थोडे तास चालायला बनवलेले असतात, ते महिनोन्महिने रात्रंदिवस चालवले की खलास होतात, फिल्टर आणि ऑइल वेळेवर बदलायला मिळालं नाही तर अजून लवकर. आणि डिझेल आणायचं तर रस्ता, बंदर, परवानगी, सगळं आलं. येमेनमध्ये नोव्हेंबर २०१७ मध्ये सौदीच्या नेतृत्वाखालच्या आघाडीने बंदरं बंद केली तेव्हा डिझेलअभावी शहरांमधले पाण्याचे पंप थांबायला लागले, आणि तेही कधी तर कॉलराच्या साथीत. त्या वर्षअखेरपर्यंत कॉलराच्या संशयित रुग्णांची नोंद १० लाखांवर गेली. रेड क्रॉसने तेव्हा स्वतः डिझेल विकत घेऊन पाणी खात्यांना दिलं, जे खरं म्हणजे त्यांचं नेहमीचं काम नाही.

त्यानंतर येमेनमध्ये सोलर पंप झपाट्याने वाढले. सूर्याला कुणी नाकाबंदी करू शकत नाही, म्हणून ते छानच. पण इथेही एक पण आहे. डिझेल महाग होतं तेव्हा शेतकरी मोजून पंप चालवायचा, सोलरवर पाणी फुकट म्हणून दिवसभर चालतो, आणि आधीच खाली गेलेलं भूजल अजून खाली जातं. म्हणजे युद्धातला उपाय पुढच्या दुष्काळाची तयारी करून ठेवतो. सोलर वाईट असं मी म्हणत नाहीये, उलट पिण्याच्या पाण्याच्या पंपांसाठी तो द्यायलाच हवा, फक्त किती उपसायचं यावर कुणाची तरी नजर हवी, आणि युद्धात नेमकं तेच खातं बंद असतं.

गाझामध्ये तर हे सगळे धागे एकाच छोट्याशा पट्टीत एकत्र आलेत. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यानंतर इस्रायलने वीज आणि पाणी तोडलं, ११ ऑक्टोबरला तिथलं एकमेव वीज केंद्र इंधन संपून बंद पडलं. तिथलं भूजल आधीच खारं आणि दूषित, ९५ टक्क्यांहून जास्त पिण्यालायक नाही, म्हणून समुद्राचं पाणी गोडं करणारे प्लांट लागतात, आणि ते विजेवर चालतात. इंधन नाही म्हणून ते थांबतात, पंप थांबतात, सांडपाण्याचे प्लांट थांबतात. पाइप, पंप, काही रसायनं यांचा लष्करी उपयोगही होऊ शकतो म्हणून ते आत न्यायला बंधनं, ती तर युद्धाच्या आधीपासूनची. मग जुलै २०२४ मध्ये सांडपाण्याच्या नमुन्यांत पोलिओचा विषाणू सापडला आणि ऑगस्टमध्ये २५ वर्षांतला पहिला रुग्ण, दहा महिन्यांचं एक बाळ. सप्टेंबरमध्ये भागाभागाने काही तास लढाई थांबवून साडेपाच लाखांवर मुलांना डोस पाजले गेले. हे जमलं. म्हणजे दोन्ही बाजूंनी ठरवलं तर थांबता येतं, लसीसाठी थांबता येतं तर पंपाच्या बेअरिंगसाठीही थांबता आलं असतं, असं मला राहून राहून वाटतं.

जुनी उदाहरणं पण बघा, कारण जुगाड म्हणजे काय ते तिथे दिसतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजांनी सोव्हिएत युनियनमधल्या लेनिनग्राडला घातलेल्या वेढ्यात जानेवारी १९४२ मध्ये वीज नाही म्हणून पाण्याचे पंप थांबले आणि पाइप गोठले, लोक नेवा नदीच्या बर्फात भोक पाडून बादलीने पाणी काढत होते. त्याच वर्षी सप्टेंबरपर्यंत लादोगा सरोवराच्या तळातून केबल टाकून वोल्खोव्हच्या जलविद्युत केंद्राची वीज वेढलेल्या शहरात आणली गेली, शत्रूच्या नाकाखालून. बोस्नियातल्या सारायेव्होचा वेढा, १९९२ ते १९९६, तिथे शहराच्या विहिरींचा मुख्य पट्टा वेढा घालणाऱ्यांच्या ताब्यात. लोक दारू बनवायच्या कारखान्यातल्या झऱ्यावर कॅन घेऊन रांगा लावायचे, आणि स्नायपर आणि तोफगोळ्यांना रांग म्हणजे सोपं लक्ष्य. जुलै १९९३ मध्ये दोब्रिन्या भागात पाण्याच्या रांगेवर गोळा पडून दहाहून जास्त माणसं गेली. तिथे फ्रेड क्युनी नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने आणि त्याच्या टीमने एक भन्नाट काम केलं, मालवाहू विमानात जेमतेम बसेल अशा मापाचं पाणी शुद्ध करायचं यंत्र तुकड्या-तुकड्यांत बनवून आणलं आणि ते बसवलं कुठे, तर रस्त्याच्या एका जुन्या बोगद्यात, म्हणजे वरून गोळे पडले तरी काही होणार नाही. नदीचं पाणी उचलायचं, बोगद्यात शुद्ध करायचं, शहराच्या लाइनमध्ये सोडायचं. लोकांना रांगेत उभं राहावं लागू नये हा त्यातला खरा हेतू होता, आणि पाणीपुरवठा म्हणजे सुरक्षाही असते हे त्या माणसाला बरोबर कळलं होतं. १९९५ मध्ये चेचन्यात मदतकार्य करताना तो बेपत्ता झाला.

टँकरबद्दल एवढंच की तो लागतोच, पण तो उपाय म्हणून नाही, श्वास टिकवायला म्हणून. आणीबाणीत माणशी दिवसाला किमान १५ लिटर असं मानक मदतसंस्था धरतात, पिणं, स्वयंपाक, धुणं सगळं मिळून. लाखभर लोकांना धरलं तर रोज १५ लाख लिटर, म्हणजे १० हजार लिटरच्या टँकरच्या दीडशे फेऱ्या, रोज, गोळीबारातून, डिझेल जाळत. त्याच पैशात बंद पडलेला एक पंप सुरू झाला तर त्याहून कितीतरी जास्त पाणी मिळतं. पण टँकरचा फोटो छान येतो आणि बेअरिंगचा येत नाही, त्यामुळे देणगीदारांचा पैसा कुठे वळतो हे वेगळं सांगायला नको. देणाऱ्यांनी सुटे भाग, क्लोरीन, आणि मुख्य म्हणजे पाणी खात्याच्या कर्मचाऱ्यांचे पगार यांवर पैसे घालावेत असं मला मनापासून वाटतं. पगार चालू राहिला की फिटर शहरात राहतो, आणि फिटर राहिला की शहर राहतं.

समजा सगळं जमलं, वीज आली, पंप दुरुस्त झाला, दोन तास शांतता मिळाली. तरी व्हॉल्व्ह एकदम उघडायचा नसतो. रिकाम्या लाइनमध्ये हवा भरलेली असते, पाणी जोरात सोडलं तर दाबाचा धक्का बसून जुने पाइप फुटतात, म्हणून हळूहळू, एकेक भाग करून भरायचा, हवा सोडत जायचं. पहिलं पाणी गढूळ येतं, गंज आणि बाहेरून शिरलेली घाण घेऊन, ते लोकांच्या डोळ्यांदेखत वाहून जाऊ द्यावं लागतं, आणि महिनाभर वाट बघितलेल्या माणसांना ते समजावून सांगणं सोपं नसतं. मग जास्त क्लोरीन टाकून लाइन धुवायची, परत सोडायची. आणि मग कुणीतरी एक माणूस छोटी काचेची नळी आणि टेस्टचं औषध घेऊन लाइनच्या पार शेवटच्या नळापर्यंत चालत जातो, नमुना घेतो, रंग येईपर्यंत थांबतो. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दाखवला की तो मागे फोन करून सांगतो, आता पिऊ द्या.